गर्दी आणि मुक्काम

माघ पौर्णिमा आठ-दहा दिवसांवर आली की गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या सालेकसात भेटणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "मग मॅडम, यंदा रूमा फुल्ल ना?" त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. कचारगडच्या यात्रेला महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा अशा कितीतरी राज्यांतून लाखो गोंड भाविक येतात. एरवी रात्री नऊच्या आत सामसूम होणाऱ्या आमच्या रस्त्यावर त्या दिवसांत रात्रभर गाड्यांचे दिवे दिसतात. तेव्हा ज्याच्याकडे चार खोल्या आहेत, तो पाच दिवसांत वर्षाची कमाई करून मोकळा होतो, असा समज गावात पक्का आहे. गेल्या काही वर्षांत या समजावर दोन-चार जणांनी मजले चढवले, कर्ज काढलं.

स्टेशनापासून चालत यावं इतक्या अंतरावर आमचं घर आहे. वरच्या मजल्यावरच्या पाच खोल्या आधी शिक्षक, तलाठी, बँकेतले कर्मचारी यांना महिन्याच्या भाड्याने जायच्या. पुढे बदल्या वाढल्या, लोक गोंदियाहून रोज ये-जा करायला लागले, खोल्या रिकाम्या राहू लागल्या. तेव्हापासून मी त्या रात्रीच्या मुक्कामाला देते. सुरुवातीपासून एक मोठं रजिस्टर ठेवलंय. नाव, गाव, ओळखपत्र हे तर पोलिसांसाठी लिहावंच लागतं. मी त्यात माझ्यासाठी आणखी एक रकाना आखला: माणूस कशासाठी आला. हा धंदा मला त्या रकान्याने शिकवला.

एक हिशेब मांडते. पाच खोल्या, वर्षाचे 365 दिवस, म्हणजे विकायला 1,825 रात्री. आता आमच्याकडचा सगळा सिझन धरा. कचारगडची यात्रा पाच दिवस, पाचही खोल्या भरल्या तर 25 रात्री. चैत्र आणि आश्विन अशी दोन नवरात्रं, डोंगरगडच्या बम्लेश्वरीची गर्दी, अठरा दिवसांच्या 90 रात्री. हाजरा धबधब्याचा मोसम जुलै ते सप्टेंबर. त्यातले तेरा शनिवार हाऊसफुल्ल गेले असं समजा, 65 रात्री. बेरीज 180. म्हणजे सगळे सण, सगळा पाऊस, सगळी देवी आपल्या बाजूने असली आणि एकही खोली एकही दिवस रिकामी राहिली नाही, तरी वर्षाचा दहावा हिस्सासुद्धा भरत नाही. उरलेल्या सोळाशेच्या वर रात्रींचं काय करायचं, हा खरा धंदा आहे.

आणि ते पहिले 180 तरी कुठे पूर्ण मिळतात? यात्रेचंच बघा. कचारगडची गुहा दरेकसाच्या पुढे धनेगावच्या डोंगरात आहे, गोंदियापासून 55 किलोमीटरच्या आसपास. गोंडी धर्माचे संस्थापक पारी कुपार लिंगो आणि माता काली कंकाली यांचं हे स्थान. गुहेत कोंडलेल्या 33 कोया मुलांची सुटका इथे झाली, अशी श्रद्धा आहे. डॉ. मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ही वाट पुन्हा लोकांपर्यंत नेली, तेव्हा मोजकी माणसं यायची म्हणतात. आज धनेगावच्या रस्त्यावर सप्तरंगी झेंडे आणि "जय सेवा" यांशिवाय काही दिसत नाही, ऐकू येत नाही.

पण हे लोक खोली घ्यायला येत नाहीत. गावच्या गाव गाडी करून येतं. पिकअपमध्ये तांदूळ, डाळ, गंज, जळाऊ लाकूड, सतरंज्या, सगळं सोबत. फेब्रुवारीत धानाच्या बांध्या मोकळ्या असतात, तिथेच चुली पेटतात, तिथेच ढोल वाजतो आणि तिथेच माणसं झोपतात. एका वर्षी आदिलाबादकडची एक टोळी रात्री उशिरा आमच्या दारात थांबली. त्यांना नळाचं पाणी हवं होतं. त्यांच्यात एक खूप म्हातारी आजी होती, थंडीने काकडत होती. एक खोली रिकामी होती म्हणून मी तिला वर नेलं. तिने गादीवर हात फिरवला, पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसली, माझ्या डोक्यावर हात ठेवून गोंडीत काहीतरी बोलली आणि जिना उतरून परत खाली गेली. आमच्या अंगणात तणस पसरून तिची माणसं झोपली होती, त्यांच्या मधोमध जाऊन ती आडवी झाली. सकाळी सहाला अंगण झाडून, तणस कोपऱ्यात रचून ती मंडळी कचारगडला निघून गेली होती.

यात्रेत खोल्या घेतात ते कोण? बाहेरून आलेले अभ्यासक, पत्रकार, व्हिडिओ करणारी मुलं, बंदोबस्ताला आलेला एखादा अधिकारी, शहरात नोकरी करणारी आणि लहान लेकरं सोबत असलेली गोंड कुटुंबं. दोन, फार तर तीन रात्री. या दिवसांत मी भाव वाढवत नाही. बरेच जण दुप्पट लावतात, त्यांना तो हक्क वाटतो. मला तो पटत नाही. देवाला आलेल्या माणसाच्या अडचणीचा पैसा घरात आणू नये, एवढं साधं कारण आहे. पण धंद्याचंही कारण आहे: त्या शहरातल्या कुटुंबांतली काही पुढे पावसाळ्यात हाजराला येतात, आणि येताना आणखी दोन कुटुंबं घेऊन येतात. दुप्पट भाव दिलेला माणूस परत येत नाही, हे रजिस्टरात स्पष्ट दिसतं.

हाजराची गोष्ट निराळी. दरेकसा स्टेशनजवळ, बोगद्याच्या बाजूला, जंगलात हा धबधबा आहे. वनविभाग आणि गावची समिती मिळून तो सांभाळतात, गावच्या पोरापोरींना त्यातून काम मिळालं. पावसाळ्यात नवेगाव-नागझिऱ्याची सफारी बंद असते, त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याचे लोकही इकडे वळतात. रविवारी दरेकसाच्या रस्त्यावर मोटरसायकलींची रांग लागते. पण ही गर्दी सकाळच्या गाडीने येते आणि संध्याकाळच्या गाडीने जाते. गोंदिया, बालाघाट, डोंगरगड, राजनांदगाव, सगळं कसं जवळ. जिथून संध्याकाळी घरी जाता येतं, तिथे माणूस रात्र काढत नाही. सालेकसाचं पर्यटन वाढावं म्हणून भाषणं करणारे गर्दीचे फोटो दाखवतात. त्यांनी संध्याकाळी सातला फलाटावर उभं राहून बघावं.

शनिवारी जे मुक्कामाला राहतात, त्यांच्यामागे कष्टही फार. भिजलेल्या जीन्स पडद्याच्या दांड्यावर, तांबडा चिखल संडासापर्यंत, टॉवेलने बूट पुसलेले, बाथरूमच्या मोरीत ओंजळभर रेती. सकाळी पाच खोल्यांच्या दहा चादरी धुवायच्या आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही. ओल्या चादरींचा वास जात नाही, मग त्या परत धुवायच्या. आता मी पावसाळ्यासाठी चादरींचे चार जोड जास्त ठेवते आणि खालच्या पडवीत दोऱ्या बांधून पंखा सुरू ठेवते. एका शनिवारच्या भाड्यातून धुणं, वीज, जाडा साबण आणि मोरी साफ करणाऱ्याची मजुरी वजा केली की हातात काय उरतं, ते मांडून बघितल्याशिवाय कळत नाही.

त्यात माणसं मिळत नाहीत. आमच्याकडे सिझन आणि शेती एकाच वेळी येतात. हाजरा भरून वाहतो तेव्हाच रोवणी असते. माझ्याकडे झाडलोट करणाऱ्या बाया रोवणीला जातात, आणि त्यांनी जावं. चिखलात दिवसभर वाकून त्यांना जी मजुरी मिळते, ती पाच खोल्यांवर मी देऊ शकत नाही. शिवाय रोवणीला गटाने जायचं असतं, गटातून नाव कटलं तर पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. आश्विन नवरात्र संपत नाही तोच हलक्या धानाची कापणी सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचणं, मे महिन्यात तेंदूपत्ता. आमच्याकडे काम करणारी सुमारे चाळिशीची एक बाई मला दरवर्षी आधीच सांगून ठेवते, "बाई, रोवणीचे वीस दिवस मी नाही, तुम्ही धरूनच चाला." मी धरून चालते. त्या वीस दिवसांत मी, माझी सासू आणि कॉलेजातून आलेला मुलगा असे तिघं मिळून खोल्या काढतो. मोठ्या शहरातला हॉटेलवाला सिझनला माणसं वाढवतो. खेड्यात सिझनलाच माणसं कमी होतात, हे जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्याबद्दल बोलणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

नवरात्राने मात्र मला कधी निराश केलं नाही. डोंगरगडला देवीच्या डोंगराला हजारावर पायऱ्या, रोपवे आहे तरी त्याला रांग, आणि त्या नऊ दिवसांत तिथल्या धर्मशाळा, लॉज काही केल्या मिळत नाहीत. रेल्वे डोंगरगडला जादा गाड्यांचा थांबा देते, गर्दी अजून वाढते. मग नागपूर, तुमसर, भंडाऱ्याचे जाणते लोक सालेकसाला उतरतात, रात्र इथे काढतात आणि पहाटेच्या गाडीने जातात. दरेकसा, बोरतलाव, पनियाजोब आणि मग डोंगरगड, इतकं जवळ. त्यांना पहाटे साडेतीनला गरम पाणी लागतं आणि उपासाचं काहीतरी बांधून लागतं. भगर, शिंगाड्याचा शिरा, उकडलेले बटाटे. तेवढं आपण दिलं की पुढच्या नवरात्राचं बुकिंग ते जातानाच करून जातात.

आपला सिझन तिथीवर चालतो, कॅलेंडरवर नाही, हेही नव्या लोकांच्या ध्यानात येत नाही. माघ पौर्णिमा 2024 मध्ये 24 फेब्रुवारीला होती, 2025 मध्ये 12 फेब्रुवारीला, 2026 मध्ये 1 फेब्रुवारीला. 2025 ची तर प्रयागराजच्या महाकुंभाच्या स्नानावरच आली. त्याच वर्षी आश्विन नवरात्र 22 सप्टेंबरला बसलं, तेव्हा हाजरा अजून जोरात होता, देवीचे आणि धबधब्याचे लोक एकाच आठवड्यात आले आणि मला कितीतरी जणांना नाही म्हणावं लागलं. 2026 मध्ये अधिक महिना आला, नवरात्र सरकून 11 ऑक्टोबरवर गेलं. म्हणजे दोन गर्दी वेगळ्या झाल्या, तेवढ्याच खोल्यांत जास्त रात्री बसतील. मागच्या ऑक्टोबरशी या ऑक्टोबरची तुलना करून "धंदा वाढला" किंवा "पडला" म्हणण्यात अर्थ नसतो. दरवर्षी नवं पंचांग आलं की मी आधी यात्रा आणि दोन्ही नवरात्रं अशा तीन तारखा रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिते. लग्नाच्या तारखाही तशाच बेभरवशाच्या. 2024 च्या मे महिन्यात शुक्राचा अस्त होता आणि लग्नाच्या चौकशा एकदम थांबल्या.

आता त्या उरलेल्या सोळाशे रात्री. त्या भरतात कामाने आलेल्या माणसांमुळे. यांना पर्यटक म्हणत नाहीत, यांच्यासाठी कुठली योजना नसते, यांचे फोटो कुणी काढत नाही. बँकेचे ऑडिटर, सोसायटीचे तपासनीस, मोबाइल टॉवरची दुरुस्ती करणारी मुलं, औषध कंपन्यांचे एमआर, आश्रमशाळेच्या तपासणीला आलेले अधिकारी, ट्रॅक्टर-हार्वेस्टर विकणारे, तेंदूपत्त्याच्या फडावर जाण्याआधी एक-दोन रात्री थांबणारे ठेकेदाराचे मुन्शी. आणि सगळ्यांत मोठा आधार, रेल्वेच्या ठेकेदारांची माणसं. तिसऱ्या लाइनचं काम चाललं त्या काळात सर्व्हेवाले, सुपरवायझर, सिग्नलचे फिटर महिनोन् महिने इथे राहिले. दोन खोल्या तीन महिने लागल्या की झाल्या 180 रात्री. वरच्या हिशेबातला आख्खा सिझन! यात्रा, दोन नवरात्रं आणि तेरा शनिवार मिळून जे होतं, ते चार फिटर गुपचूप करून जातात.

या माणसांना काय हवं असतं ते मी हळूहळू शिकले. त्यांना बाल्कनी नको, भिंतीवर वारली चित्रं नकोत. पहाटे पाचला डबा हवा, त्यात भात भरपूर हवा. संध्याकाळी वरण, भाजी, पोळी, कांदा. कपडे वाळत घालायला जागा, बुटांसाठी दाराबाहेर मांडणी, पंखा-कुलर चालेल इतका वीजदाब आणि हिशेबाची पक्की पावती, कारण तिच्याशिवाय त्यांचे पैसे ऑफिसातून सुटत नाहीत. बिहार, बंगालकडची मुलं मासळी मागतात, तलावाची मिळाली की मी करून देते. रात्री ते जिन्यावर बसून घरी व्हिडिओ कॉल करतात. कुणाचं लेकरू बापाला ओळखेनासं झालेलं असतं. एक जण मला रोज "भाभी" म्हणायचा आणि जाताना रडला. अशा माणसाकडून मी रात्रीचा भाव घेत नाही, महिन्याचा ठरवते. कमी पडतो, पण रोज चादर बदलायची नसते, फोनवर घासाघीस नसते, आणि जुलैत चिखल होत नाही.

मध्यंतरी एका ऑनलाइन बुकिंग कंपनीचा मुलगा आला होता. म्हणाला, खोल्या आमच्या नावावर टाका, वर्षभर फुल्ल देतो. मी विचारलं, मंगळवारी कोण येणार? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तरी नाव टाकून बघितलं. आले ते तेच शनिवारचे लोक, जे फोन करूनही आले असते. फरक इतकाच की त्यांच्या भाड्यातला हिस्सा आता कंपनीला जात होता, आणि एकदा एकच खोली दोघांना दिली गेली. रात्री अकराला भर पावसात दोन कुटुंबं दारात. कंपनीचा फोन कुणी उचलला नाही. एका कुटुंबाला मी आमच्या झोपण्याच्या खोलीत ठेवलं. त्यानंतर तो करार मी पुढे चालवला नाही. ज्यांच्या गावात रोज नवे प्रवासी येतात, त्यांना या कंपन्यांचा उपयोग असेल. आमच्याकडे ओळखीने आणि स्टेशनातल्या चहावाल्याच्या शब्दाने जास्त माणसं येतात.

नागपूर-पुण्याचे लोक फोनवर आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, आवाज खाली करून: "तिकडे रात्री राहणं सेफ आहे ना?" राग येत नाही, वाईट वाटतं. सालेकसा, दरेकसा ही नावं त्यांनी वर्षानुवर्षं नक्षलवादाच्या बातम्यांतच वाचली. आमचा आमगाव मतदारसंघ गडचिरोली-चिमूर लोकसभेत येतो. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत बाकी बहुतेक महाराष्ट्र संध्याकाळपर्यंत मतदान करत होता आणि इथलं दुपारी तीनला थांबलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या बातमीने आमच्या किती रात्री गेल्या असतील, त्याला मोजमाप नाही. मी एवढंच सांगते की मी इथे दोन मुलं वाढवली, शेवटच्या गाडीने एकटी उतरून घरी चालत येते. परिस्थिती झपाट्याने बदलते आहे, पण बातमीपेक्षा भीती उशिरा जाते.

गोंदिया-डोंगरगड चौथ्या लाइनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये मंजुरी दिली. 84 किलोमीटरचं काम, तेही डोंगर आणि बोगद्यांच्या पट्ट्यात. ते सुरू झालं की सालेकसात पुन्हा काही वर्षं खोल्या कमी पडतील. मला भीती वाटते ती त्यानंतरची. त्या दोन-तीन वर्षांची मागणी कायमची समजून लोक दुमजली लॉज बांधतील, आणि काम संपल्यावर ठेकेदार पुढच्या स्टेशनला निघून जाईल. कर्जाचे हप्ते मात्र इथेच राहतील.

म्हणून गावातल्या ज्या मुलामुलींच्या डोक्यात खोल्या बांधायचं आहे, त्यांना माझं सांगणं आहे. कृषी पर्यटन धोरण आहे, निवास-न्याहारी योजना आहे, त्यांची माहिती जरूर घ्या, नोंदणी करा. पण बँकेत जाण्याआधी घरातल्या रिकाम्या दोन खोल्या एक पूर्ण वर्ष, माघ ते माघ, चालवून बघा. कोण आला, कशासाठी आला, किती रात्री राहिला, हातात किती उरले, चार रकाने रोज भरा. यात्रेच्या गर्दीकडे बघून भिंत उभी करू नका, जून आणि डिसेंबरमधल्या मंगळवारांकडे बघून करा. आणि बाहेरगावच्या वाचकांना विनंती: हाजरा पाहायला येणार असाल तर रविवार सोडून या आणि एक रात्र राहा. बुधवारी धबधबा तेवढाच कोसळतो, वाट मोकळी असते, आणि गावात त्या दिवशी खोली नक्की मिळते.